चितुंग्विझा एवढं मोठं, मग कामाला हरारेलाच का जायचं?

झिम्बाब्वेतल्या चितुंग्विझात साडेतीन लाखांच्या वर माणसं राहतात, तरी तिथे ना धड कारखाने ना रेल्वे, हे कसं काय असं तुम्ही विचारलंय. मी काही वर्षं राजधानी हरारेत नोकरी केलीये आणि ऑफिसातले बरेच जण तिथूनच यायचे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मुळात चितुंग्विझा हरारेपासून लांब पडलं नाही, लांब ठेवलं गेलं. १९३० च्या जमीनवाटप कायद्याने शहरातली जमीन गोऱ्यांची झाली, काळ्या माणसाने शहरात यायचं ते मजुरीपुरतं, घर करायला नाही. हरारेचं नाव तेव्हा सॅलिसबरी. मजूर तर हवे होते, पण शेजारी नकोत, मग शहरापासून पंचवीस-तीस किलोमीटरवर काळ्यांसाठी राखीव ठेवलेल्या सेके भागाकडे वस्त्या उभ्या राहिल्या, त्यांचंच पुढे चितुंग्विझा झालं. सेंट मेरीज आधीची, मग सत्तरच्या दशकात झेंगेझा आणि सेके, त्यात स्वातंत्र्ययुद्धामुळे खेड्यांतून पळून आलेल्या लोकांची भर पडली आणि वस्ती झपाट्याने फुगली. १९८० ला देश स्वतंत्र झाला, लगेच पुढच्या वर्षी चितुंग्विझाला नगरपालिका मिळाली, पण नोकऱ्या हरारेतच राहिल्या.

रेल्वे नसल्याने सगळा भार रस्त्यावर. आधी सरकारी बस आणि जुन्या प्यूजो गाड्यांच्या शेअर टॅक्सी, त्यांना तिथे इमर्जन्सी टॅक्सी म्हणत, नव्वदच्या दशकात खाजगी कोंबी आल्या, म्हणजे आपल्या टेंपो ट्रॅव्हलरपेक्षा लहान व्हॅन, दारात लटकून ओरडणारा त्यांचा कंडक्टर तो ह्विंदी. हरारेत चार्ज ऑफिसच्या स्टँडवर संध्याकाळी जी रांग लागायची ती बघून पोटात गोळा यायचा, कारण माझ्यासोबत काम करणारी बाई पहाटे चारला उठायची आणि घरी पोचेपर्यंत तिची मुलं झोपलेली असायची.

पण मला सर्वात जास्त टोचतं ते पाणी. चितुंग्विझाचं स्वतःचं धरण नाही, पाणी हरारेकडून विकत घ्यायचं, आणि कारखाने नसल्याने नगरपालिकेच्या हातात कराचा पैसा कमी. २००८ मध्ये नळ कोरडे पडले, गटारं तुंबली, लोकांनी अंगणात उथळ विहिरी खणल्या आणि ऑगस्टमध्ये कॉलरा सुरू झाला तो इथेच. पुढे तो देशभर पसरला आणि चार हजारांहून जास्त माणसं गेली. लोक याला नुसता पालिकेचा गलथानपणा म्हणतात, मला ते पटत नाही, ज्या गावाला फक्त मजुरांच्या झोपण्यापुरतं आखलं त्याला पाणी कुठून येणार याचा विचार आखणाऱ्यांनी केलाच नव्हता.