वाघीण निघाली कुठे?

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या मॉडेल रेल्वेचा नकाशा टेबलावर पसरून बसलोय. दोन स्टेशनं, एक कारखाना, डोंगराला वळसा घालून वर चढणारा मार्ग, त्याखाली बोगदा आणि कोपऱ्यात इंजिन फिरवायचं टर्नटेबल. पेन्सिलीनं इतकं नीट काढलंयस की खोडायला हात धजत नाही. तरी खोडणार आहे. रागावू नकोस.

आधी चढाचा हिशेब घे. तू एचओ स्केल निवडलंस, म्हणजे खऱ्या रेल्वेच्या १:८७, दोन रुळांत १६.५ मिलिमीटर. खालच्या गाडीच्या डोक्यावरून वरचा मार्ग न्यायचा तर मधे साडेसात सेंटिमीटर तरी मोकळं हवं. वरच्या फळीची जाडी आणि रूळ धरले की नऊ सेंटिमीटर. छोट्या इंजिनाला झेपणारा चढ दर मीटरला दोन सेंटिमीटर. म्हणजे नऊ सेंटिमीटर वर जायला साडेचार मीटर लांबी लागेल, आणि तुझी फळी आहे २.४ मीटरची. नकाशात तू जवळजवळ दुप्पट उभा चढ दिलायस, तोही वळणावर. तिथे इंजिनाची चाकं जागच्या जागी गरगरतील आणि मागच्या वाघिणी, म्हणजे मालडबे, ढिम्म हलणार नाहीत. कागदावर चढ दिसत नाही, म्हणून सगळ्यांचीच इथे फसगत होते.

दुसरी गोष्ट, बोगदा तू भिंतीकडच्या बाजूला काढलायस. फळी १.२ मीटर रुंद आणि भिंतीला चिकटलेली. माणसाचा हात वाकून पाऊण मीटरच्या पुढे नीट काम करत नाही. गाडी घसरणार ती नेमकी तिथेच.

हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये. माझ्या पहिल्या लेआउटवर, म्हणजे फळीवर मांडलेल्या रेल्वेवर, मी रूळ घातले, गाडी दोनदा फिरवली आणि लगेच प्लास्टरचा डोंगर उभा केला. डोंगर झकास झाला होता. मग रोज तिसरी वाघीण बोगद्यात शिरली की घसरायची. पहिली जायची, दुसरी जायची, तिसरी आडवी. मी वाघिणी बदलल्या, चाकं बदलली, इंजिनाला शिव्या घातल्या. शेवटी करवत घेऊन डोंगर फोडला. आत बघतो तर दोन रूळ जोडणारी ती पत्र्याची चिमुकली पट्टी एका रुळाच्या खाली सरकलेलीच नव्हती. रूळ तिच्या वर चढून बसला होता. नखाच्या जाडीएवढी पायरी. दोन महिन्यांचा डोंगर त्या पायरीपायी गेला.

तेव्हापासून माझा नियम असा की उघड्या फळीवर गाडी तीन आठवडे चालल्याशिवाय गवताचं पातंही चिकटवायचं नाही. रूळ घातले की डोळा रुळाच्या पातळीला आणून एका टोकाकडून लांबवर बघायचं. वळण कुठे मोडलंय ते वरून कळत नाही, असं बघितलं की लगेच कळतं. मग प्रत्येक जोडावरून बोटाचं नख फिरवायचं. नख अडलं तर चाकही अडणार. आणि शेवटची, सगळ्यात खडूस परीक्षा म्हणजे अख्खी गाडी उलटी ढकलत न्यायची. ओढताना जी चूक निभावून जाते ती ढकलताना हमखास उघडी पडते.

आता तुझ्या नकाशाऐवजी काय करायचं ते सांगतो.

एक फळी घे, दीड मीटर लांब, तीस सेंटिमीटर रुंद. तिच्यावर दोन सांधे, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे फाटे, आणि तीन सायडिंगं, म्हणजे वाघिणी उभ्या करायचे बाजूचे रूळ. ॲलन राइट नावाच्या ब्रिटिश छांदिष्टानं ही रचना लोकप्रिय केली, तिला इंगलनूक म्हणतात. लांब सायडिंगात पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोहोंत तीन-तीन. सांध्यांच्या अलीकडच्या तुकड्यावर इंजिन आणि तीन वाघिणी, एवढीच जागा. एकूण वाघिणी आठ, आखूड, चारचाकी. आठांच्या आठ चिठ्ठ्या कर, डोळे मिटून पाच उचल, आणि ज्या क्रमानं आल्या त्याच क्रमानं त्या पाच वाघिणी लांब सायडिंगात लावून दाखव. बस, एवढाच खेळ.

तू म्हणशील, काका, हे तर पोरखेळ झालं. मांडून बघ. हवी असलेली वाघीण नेहमी नको असलेल्या दोघींच्या मागे अडकलेली असते. त्या दोघींना काढून ठेवायला जावं तर तिथे आधीच कुणीतरी उभं. पाच चिठ्ठ्यांचे ६,७२० क्रम होतात. रोज एक डाव मांडलास तरी सगळे संपायला अठरा वर्षं लागतील. माझी फळी बरीच जुनी झाली, अजून कंटाळा आलेला नाही. गोल फिरणाऱ्या गाडीचा मात्र मला तिसऱ्या दिवशी कंटाळा आला होता. गोलात गाडी कुठेच जात नसते ना! तुझ्या नकाशात मला सगळं सापडलं, फक्त एक सापडलं नाही. त्या कारखान्यात जाणाऱ्या वाघिणीत आहे काय, आणि ती रिकामी होऊन परत कुठे जाते? हे ठरलं की कुठे सायडिंग हवं, किती लांब हवं, सांधा कुठल्या तोंडानं हवा, हे आपोआप ठरत जातं. आधी सांधे घालून मग त्यांना काम शोधणं म्हणजे उलटा कारभार.

म्हणून प्रत्येक वाघिणीचं एक कार्ड कर. वर तिचा नंबर, खाली खोचायला एक चिठ्ठी: माल काय, निघाली कुठून, जाणार कुठे. खऱ्या रेल्वेतही नोंदीशिवाय वाघीण हलत नाही. कार्ड हातात आलं की बघ काय होतं. परवापर्यंत जो प्लॅस्टिकचा डबा होता तो आज सिमेंट घेऊन निघालेला असतो, आणि उशीर झाला तर तुझ्याच जिवाला घोर लागतो.

वेगाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण नव्या माणसाचा हात इथेच सुटतो. ताशी ६० किलोमीटरनं धावणारी गाडी आपल्या स्केलमध्ये सेकंदाला फक्त १९ सेंटिमीटर जाते. शंटिंग, म्हणजे वाघिणींची ही हलवाहलव, तर ताशी दहानं चालतं. त्या हिशेबानं एक मीटर जायला अर्धा मिनिट लागला पाहिजे. घड्याळ लावून एकदा करून बघ. पहिल्यांदा असह्य वाटेल. मग इंजिन वाघिणीला टेकतंय, कपलिंग खट्कन बसतंय, क्षणभर थांबून सगळं लटांबर हळूच मागे सरकतंय, हे दिसायला लागेल. ती दीड मीटरची फळी त्या वेगाला खूप मोठी होते. वेग वाढवलास की तीच फळी टीचभर.

पण हळू चालवायचं तर वीज अखंड हवी. भरधाव इंजिन मळलेल्या जागेवरून झोकात निघून जातं, रांगणारं तिथेच बसतं. त्यामुळे रुळांच्या प्रत्येक तुकड्याला खालून स्वतःच्या दोन वायरी दे. जोडपट्टीवर विजेसाठी विसंबू नकोस, ती आज वाहते, सहा महिन्यांनी वाहत नाही. वायर रुळाला डाख देऊन जोडायची. निस्तेज, करडा, थंड डाख नको, चकचकीत हवा. फ्लक्स लाव, सोल्डरिंग आयर्न चांगलं तापू दे, टेकव आणि दोन सेकंदांत उचल. रेंगाळलीस तर खालचे प्लॅस्टिकचे स्लीपर वितळतात. आधी टाकाऊ तुकड्यावर वीस डाख दे, मग फळीला हात लाव.

रूळ निकेल सिल्व्हरचे घे, पितळेचे स्वस्तात मिळाले तरी नको. पितळेवर जो गंज धरतो तो वीज अडवतो. निकेल सिल्व्हरमध्ये चांदी औषधालाही नसते बरं का, तांबं, निकेल आणि जस्त असतं. नाव नुसतं भारदस्त.

सांध्याच्या मध्यात जिथे दोन रूळ एकमेकांना छेदतात तो भाग पुष्कळदा प्लॅस्टिकचा असतो. तिथे वीज नाही, आणि छोटं चारचाकी इंजिन बरोबर त्यावर येऊन रुसतं. तुझ्याकडे दोनच सांधे आहेत, तेव्हा ते धातूच्या मध्याचे घे आणि सांधा फिरला की मध्याची वीजही बदलेल असा स्विच बसव. थोडं डोकं चालवावं लागेल, पण शंटिंगचा निम्मा वैताग तिथे संपतो.

रूळ पुसायला सँडपेपर कधीही वापरू नकोस. ओरखड्यांत मळ आणखी घट्ट बसतो. कापडाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसायचे. इंजिनाची चाकं पुसायची एक युक्ती आहे: अल्कोहोलनं ओलं केलेलं कापड रुळांवर आडवं टाक, इंजिनाची पुढची चाकं कापडावर आणि मागची उघड्या रुळावर ठेव, इंजिन हातानं धरून मोटर सुरू कर. कापडावर दोन काळ्या रेघा उमटतील. मग इंजिन फिरवून दुसरी बाजू. त्या रेघा बघितल्यावर तुला कळेल की गाडी का अडखळत होती.

डीसी घ्यायचं की डीसीसी, असं विचारलं होतंस. डीसीमध्ये कंट्रोलर रुळांतली वीज कमीजास्त करतो, शून्य ते १२ व्होल्ट, आणि रुळावर जे असेल ते सगळं पळतं. डीसीसीत रुळांत वीज कायम पूर्ण असते, हुकूम आकड्यांत जातो, आणि इंजिनातला डिकोडर आपला नंबर ओळखून ऐकतो. नव्या डिकोडरचा नंबर बहुधा ३ असतो. एका इंजिनाच्या फळीला डीसी पुरतं. दुसरं इंजिन आलं की बघू. यावर लोक तावातावानं भांडतात, तू त्यात पडू नकोस.

वाघिणींचं वजन मात्र आत्ताच बघ. दुकानातून येतात त्या बहुतेक हलक्या असतात, ढकलल्या की उड्या मारतात. अमेरिकेतल्या एनएमआरए या संस्थेनं एचओसाठी सोपं सूत्र दिलंय: एक औंस, अधिक लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. पाच इंची वाघिणीला साडेतीन औंस, म्हणजे शंभर ग्रॅमच्या आसपास. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेव, कमी भरली तर तळाशी वॉशर चिकटव. आठही वाघिणी सारख्याच भरल्या पाहिजेत.

तीन आठवडे झाले, गाडी रुसायची थांबली, की खडी टाक. खडी म्हणून चाळलेली माती किंवा वाळू चालते, पण आधी तिच्यातून लोहचुंबक फिरव. चुंबकाला काळे कण दाढीसारखे लटकतील. तेच कण उद्या इंजिनाच्या मोटरीत जाऊन बसणार होते. खडी कोरडीच ब्रशनं रुळांत बसवायची. मग पांढरा गोंद निम्म्या पाण्यात मिसळून त्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकायचा आणि ड्रॉपरनं सोडायचा. साबण नसला तर गोंदाचे मणी होऊन खडीवरून घरंगळतात. सांध्याच्या हलत्या पात्यांजवळ थेंबही जाऊ देऊ नकोस. मी घालवलेत दोन सांधे असे. झाडं, घरं, माणसं याबद्दल मी फार बोलत नाही, त्यात तुझा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. फक्त सगळीकडे एकाच हिरव्या रंगाचं गवत लावू नकोस, गालिचा दिसतो.

तू म्हणालीस की हॅम्बुर्गचं मिनियातूर वुंडरलांड हे मॉडेल रेल्वेचं प्रदर्शन बघून हे वेड लागलं. लागणारच. तेही एचओच आहे. पण २००१ साली उघडलेला तो पसारा चालवायला माणसांची फौज आहे, आणि तुझ्याकडे रविवारची दुपार. मला त्यापेक्षा जॉन ॲलनचं उदाहरण तुझ्या कामाचं वाटतं. अमेरिकेत माँटरेला त्याच्या घराच्या तळघरात ‘गोरी अँड डिफिटेड’ नावाची रेल्वे होती, रक्तबंबाळ आणि पराभूत, नावातच कोटी. या छंदातल्या सगळ्यात गाजलेल्या लेआउटांपैकी एक. पण त्याची सुरुवात झाली एका छोट्या लेआउटनं, आणि तो त्यानं मोडला नाही, पुढे मोठ्या रेल्वेत सामावून घेतला. १९७३च्या जानेवारीत तो गेला आणि काही दिवसांतच आगीत ते सगळं जळालं. फोटो बघ त्याचे, जरूर बघ.

तेव्हा तुझा मोठा नकाशा फाडू नकोस, गुंडाळून ठेव. खोडलं म्हटलं तरी मी फक्त चढ आणि बोगदा यांवर फुल्या मारल्यात. कारखान्याचा कोपरा तसाच ठेवलाय, कारण तुझी दीड मीटरची फळी पुढेमागे तिथे जशीच्या तशी बसेल. मापं समासात लिहिली आहेत.

फळी झाली की फोटो नाही पाठवलास तरी चालेल. आठ वाघिणींना नंबर दे, पाच चिठ्ठ्या काढ आणि क्रम कळव. सुरुवातीला कुठली वाघीण कुठे उभी होती तेही लिही. मी इथे माझ्या फळीवर अगदी तसंच मांडतो. किती हालचालींत जमलं ते दोघांनीही खरं सांगायचं. आणि इंजिनाला हातानं ढकललं असेल तर तेही.

तुझा,
काका