बॅकअप क्वार्टरबॅकचा करार: आधी विसार, मग सौदा

तुमचा प्रश्न अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमधला आहे: तीन वर्षं राखीव बसलेल्या, जेमतेम एखादा सामना खेळलेल्या क्वार्टरबॅकचा (पास फेकून आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूचा) पहिला करार संपत आला, तर टीमने तो वाढवावा की वर्षभर थांबून बघावं? आणि ग्रीन बे पॅकर्सने २०२३ मध्ये त्यांचा बॅकअप जॉर्डन लव्ह याला काही सिद्ध करायच्या आधीच पैसे का दिले?

लव्हचंच प्रकरण धरून लिहितो, कारण या निर्णयात जे जे अडतं ते सगळं त्यात आहे.

आधी नियम. ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या, पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूचा रूकी (पहिला) करार चार वर्षांचा असतो आणि टीमला पाचव्या वर्षाचा ऑप्शन, म्हणजे तो एक वर्ष वाढवायचा हक्क, मिळतो. तो घ्यायचा की सोडायचा हे तिसरा सीझन संपल्यावर, मेच्या सुरुवातीपर्यंत ठरवावं लागतं. पूर्वी ऑप्शन घेतला तरी ती रक्कम फक्त दुखापतीपुरती गॅरंटीड असायची. खेळाडू तंदुरुस्त असेल तर पुढच्या मार्चमध्ये टीम हात झटकून मोकळी व्हायची. २०२० मध्ये लीग आणि खेळाडू संघटना यांच्यात नवा करार झाला आणि ही पळवाट बंद झाली. आता ऑप्शन घेतला की पूर्ण रक्कम त्याच दिवशी गॅरंटीड. म्हणून हा निर्णय इतका जड झालाय. २०२१ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत पाच क्वार्टरबॅक गेले. त्यातल्या फक्त ट्रेव्हर लॉरेन्सचा ऑप्शन घेतला गेला. झॅक विल्सन, ट्रे लान्स, जस्टिन फील्ड्स आणि मॅक जोन्स या चौघांना निवडणाऱ्या टीमनी ट्रेड करून टाकलं होतं आणि नव्या टीमनीही त्यांचे ऑप्शन सोडून दिले.

आता लव्ह. २०२० मध्ये पॅकर्सने ड्राफ्टमध्ये सौदा करून वर सरकत २६ व्या क्रमांकावर त्याला घेतलं, तेव्हा त्यांचा मुख्य क्वार्टरबॅक अ‍ॅरन रॉजर्स जोरात होता. त्या वर्षी कोविडमुळे प्रीसीझन (सीझनआधीचे सराव) सामनेच झाले नाहीत आणि लव्ह तिसऱ्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक म्हणून बसून राहिला. नोव्हेंबर २०२१ मध्ये रॉजर्सला कोविड झाला आणि लव्हला कॅन्सस सिटीत चीफ्सविरुद्ध पहिल्यांदाच सुरुवातीपासून खेळायला मिळालं. चीफ्सने त्याच्यावर सतत ब्लिट्झ केला (जादा खेळाडू अंगावर सोडले), तो गोंधळला, ३४ पैकी १९ पास पूर्ण, १९० यार्ड, हार १३-७. (किकिंगनेही त्या दिवशी घात केला, ते लोक विसरतात.) मग नोव्हेंबर २०२२, फिलाडेल्फिया. रॉजर्स बरगडीच्या दुखापतीने बाहेर गेला आणि लव्ह आत आला. नऊपैकी सहा पास, ११३ यार्ड. त्यातला ख्रिश्चन वॉटसनला दिलेला पास पुन्हा काढून बघा. मधल्या पट्ट्यात वेळेवर, धावत्या वॉटसनच्या हातात बसलेला चेंडू, आणि पुढे ६३ यार्डांचा टचडाउन (चेंडू शेवटच्या पट्ट्यात नेऊन गुण). चेंडू हातातून लवकर सुटतोय, पाय जागेवर आहेत, नजर भिरभिरत नाही. कॅन्सस सिटीतला मुलगा आणि हा मुलगा एक वाटत नाहीत.

पण बाहेरच्यांसाठी पुरावा एवढाच. तीन वर्षांत ८३ पास, तीन टचडाउन, तीन इंटरसेप्शन (विरोधकांनी पकडलेले पास). एवढ्यावर कोणी ठाम मत देत असेल तर ते मी मानत नाही. टीमकडे मात्र तीन वर्षांचा रोजचा सराव होता, आणि तो आपल्याला कधीच दिसत नाही. बॅकअपच्या बाबतीत टीम आणि चाहते यांच्यातली ही दरी सगळ्यात मोठी असते.

एप्रिल २०२३ च्या शेवटी रॉजर्सचा जेट्सशी ट्रेड ठरला आणि ऑप्शनची मुदत होती २ मे. ऑप्शन घेतला तर २०२४ साठी २ कोटी डॉलरच्या थोडी वर रक्कम लगेच गॅरंटीड. सोडला तर लव्ह २०२३ खेळून मोकळा, आणि चांगला खेळला तर त्याला थांबवायला फ्रँचायझी टॅग, म्हणजे ठरलेल्या मोठ्या पगारावर एक वर्ष रोखून धरायचा टीमचा हक्क. २०२४ मध्ये क्वार्टरबॅकचा टॅग ३ कोटी ८३ लाखांचा होता. पॅकर्सने दोन्ही नाकारलं आणि एक वर्षाची मुदतवाढ केली. गॅरंटीड १ कोटी ३५ लाख, आणि चांगला खेळला तर एकूण २ कोटी २५ लाखांपर्यंत. घर आवडलंय, पण कागदपत्रं अजून बघायची आहेत, तेव्हा माणूस विसार देऊन ठेवतो, तसं हे झालं.

मला हा निर्णय तेव्हाही आवडला होता. मे महिन्यात 'हा मुलगा चांगला आहे का' याचं उत्तर कोणाकडेच नसतं. ठरवायचं एवढंच असतं की उत्तर मिळेपर्यंत किती पैसे अडकवायचे. मुलगा फसला असता तर टीमचे ऑप्शनपेक्षा सुमारे ६८ लाख वाचले असते. रॉजर्स गेल्यामुळे २०२३ च्या कॅपवर (टीमच्या पगारखर्चाच्या मर्यादेवर) आधीच ४ कोटींचा डेड मनी, म्हणजे गेलेल्या खेळाडूचा खर्च, होता, त्यामुळे जपून वागायला कारणही होतं. लव्हचाही फायदा झाला. एरवी त्याच्या खिशात गॅरंटीड असं फारसं काही नव्हतं.

पुढचं तुम्हाला माहीत असेल. २०२३ मध्ये टीम ३-६ वर (तीन विजय, सहा पराभव) अडकली, तेव्हा आपल्या पॅकर्सचेच चाहते लव्हला काढा म्हणत होते. शेवटच्या आठ सामन्यांत त्याने १८ टचडाउन फेकले आणि एकच इंटरसेप्शन. प्लेऑफमध्ये डॅलसला त्यांच्याच मैदानावर ४८-३२ हरवलं. सॅन फ्रान्सिस्कोत शेवटच्या मिनिटात उजवीकडे धावता धावता त्याने चेंडू उलट दिशेला मैदानाच्या मध्यात फेकला आणि तो विरोधी टीमच्या ड्रे ग्रीनलॉच्या हातात गेला. हार २४-२१. तो पास बघून अजून पोटात कालवतं. तरी जुलै २०२४ मध्ये चार वर्षं, २२ कोटी डॉलर. सौदा महाग झाला हे खरं, पण पूर्ण सीझन बघून झाला.

उलटं उदाहरण डेन्व्हरचा बॅकअप ब्रॉक ऑसवायलर याचं. २०१५ मध्ये सात सामने सुरुवातीपासून खेळला, त्यात पाच विजय. ह्यूस्टनने चार वर्षांचे ७ कोटी २० लाख देऊ केले, ३ कोटी ७० लाख गॅरंटीड. डेन्व्हरने ती बोली गाठली नाही. वर्षभरात ह्यूस्टनवर पाळी आली की ड्राफ्टमधला दुसऱ्या फेरीचा पिक (निवडीचा हक्क) वर देऊन त्याला क्लीव्हलँडच्या गळ्यात घालायचं. सात सामन्यांवर चार वर्षांचा करार आणि एवढी गॅरंटी हे मला कधीच पटणार नाही, सामने कितीही चांगले असोत.

म्हणून तुमच्या टीमच्या बॅकअपबद्दल बोलताना एकूण आकडा बाजूला ठेवा आणि गॅरंटीड किती, कोणत्या वर्षापर्यंत, एवढं बघा. मुख्य क्वार्टरबॅक जाणार हे नक्की असेल आणि बॅकअप एका वर्षाच्या मुदतवाढीला तयार असेल, तर द्या, मेमध्येच द्या. मुख्य क्वार्टरबॅक अजून दोन-तीन वर्षं हलणार नसेल तर मुदतवाढीला अर्थ नाही, कारण खेळायची संधी दिसत नसताना चांगला मुलगा सही करणार नाही. आणि तो दुसऱ्या किंवा त्यापुढच्या फेरीतला असेल तर पाचव्या वर्षाचा ऑप्शनच नसतो, म्हणजे घड्याळ एक वर्ष आधी संपतं. जिमी गॅरोपोलोचं हेच झालं. पेट्रियट्सचा २०१४ चा दुसऱ्या फेरीतला क्वार्टरबॅक, पुढे मुख्य क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी चाळिशीतही हटायला तयार नाही. ऑक्टोबर २०१७ च्या शेवटी पेट्रियट्सने त्याला दुसऱ्या फेरीच्या एका पिकवर सॅन फ्रान्सिस्कोला देऊन टाकलं. किंमत कमी आली असं आजही म्हणतात. माझ्या मते भाव चुकला नाही, वेळ चुकली. तोच ट्रेड त्याच वर्षीच्या ड्राफ्टआधी, करारात पूर्ण सीझन शिल्लक असताना व्हायला हवा होता.