वाचकांचे प्रश्न: पूर, दरड, ऊन आणि आपली नगर परिषद

या वेळची बहुतेक पत्रे कोकणातल्या लहान शहरांतून आली आहेत, एक विदर्भातून. पत्रलेखकांची नावे वगळली आहेत आणि सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न: आमचे शहर नदीकाठी, खाडीच्या वरच्या टोकाला आहे. 2005 आणि 2021 असे दोन्ही पूर आम्ही पाहिले. आता नगर परिषद हवामान बदलाचा आराखडा करणार म्हणते. एका सल्लागार संस्थेचा जाडजूड प्रस्ताव आला आहे. प्रभागातले आम्ही काही जण मदतीला तयार आहोत. सुरुवात कुठून करावी? — नगरसेविका, रत्नागिरी जिल्हा

उत्तर: प्रस्ताव आठ दिवस बाजूला ठेवा आणि आधी पाण्याच्या खुणा गोळा करा. 2021 चे पाणी कोणाच्या भिंतीवर कुठवर चढले होते, हे आज घरोघर सांगता येते. रंगकाम झाले की खूण जाते आणि आणखी दहा वर्षांनी नुसत्या आठवणी उरतात. प्रत्येक गल्लीत निदान दोन खुणा घ्या. शेजारच्या दोन घरांनी सांगितलेली उंची जुळली तरच ती नोंदवा. जिना, खिडकीची चौकट, मीटरची पेटी यांवरून सांगितलेली उंची सहसा पक्की असते. ‘छातीपर्यंत’ हे माप घेऊ नका.

या खुणा एकाच संदर्भबिंदूला जोडायच्या. पुलाच्या कठड्याचा कोपरा किंवा देवळाची दगडी पायरी, असे काहीतरी न हलणारे निवडा. गवंड्याची पाण्याची नळी एका गल्लीपुरती पुरते. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर माप चुकते आणि दहा-बारा वेळा नळी पुढे सरकवली की चूक साठत जाते. म्हणून अख्ख्या शहरासाठी सर्व्हेअर आणि ऑटो लेव्हल (उंचीतला फरक मोजायची दुर्बीण) दोन-तीन दिवस भाड्याने घ्या. एवढ्या खर्चातून जी माहिती मिळते ती कोणत्याही प्रस्तावात आयती नसते.

त्यानंतर पुलाच्या खांबावर मीटर आणि दहा-दहा सेंटिमीटरच्या रेघा असलेली मोजपट्टी रंगवा. पाटबंधारे खात्याची पट्टी आधीच असेल तर तीच वापरा. मग पट्टीवरचा आकडा आणि गल्ली यांचा मेळ घाला. समजा पट्टीवर 5 मीटर झाले की मच्छीमार्केटात पाणी येते, 5.8 ला बसस्थानकात आणि 6.5 ला रुग्णालयाच्या जोत्याला लागते. शेजारच्या रकान्यात कोणत्या आकड्याला कोणी काय करायचे, ते पदनाम आणि फोन क्रमांकासह लिहा. आराखड्याचा गाभा हे एक पान आहे. बाकीची शंभर पाने सल्लागाराने खुशाल लिहावीत.

आकडे ठरवताना वेळेचा हिशेब विसरू नका. नदी तासाला अर्धा मीटर चढते आणि गल्ली रिकामी करायला दोन तास लागतात, तर इशारा पाणी शिरण्याच्या पातळीच्या किमान एक मीटर खाली द्यायला हवा. रात्रीसाठी वेगळा नियम करा: पाणी चढते आहे आणि वरच्या भागात पाऊस सुरू आहे, तर माणसे हलवायची की नाही हे अंधार पडण्याआधी ठरवायचे. मध्यरात्री दिले गेलेले आदेश बहुतेक वाया जातात, कारण वीज गेलेली असते आणि लोक घरातच वरच्या मजल्यावर चढतात.

तुमच्या भागात पाणी तीन बाजूंनी येते. घाटमाथ्यावरचा पाऊस ही पहिली. 22-23 जुलै 2021 दरम्यान महाबळेश्वरला 24 तासांत 594 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. दुसरी बाजू धरणाचा विसर्ग. कोयनेच्या वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला वळवलेले पाणी शेवटी चिपळूणच्या वाशिष्ठी नदीत उतरते, त्यामुळे चिपळूणला केवळ आपल्या खोऱ्यातला पाऊस पाहून भागत नाही. तिसरी बाजू भरती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते, हे दर्यावर्दी लोकांना माहीत आहे. म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाची भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास येते. खाडीत आत शिरायला तिला आणखी वेळ लागतो. पावसाळ्याच्या चार महिन्यांचे उधाणाचे दिवस आणि वेळा नियंत्रण कक्षाच्या भिंतीवर आधीच लावून ठेवा. पूर आणि भरती एकत्र येणार असतील तेव्हा इशारा एक पायरी आधी द्या.

बाहेरून येणाऱ्या मदतीवर आराखडा उभारू नका. एनडीआरएफची (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची) पाचवी बटालियन पुण्याजवळ सुदुंबरे येथे आहे आणि तिथून येणारा घाट नेमका त्याच पावसात बंद पडतो. पहिले बारा तास शहराचे स्वतःचे आहेत. त्यासाठी बोटी, लाइफ जॅकेट, दोर आणि बोट चालवणारी माणसे स्थानिकच हवीत. खाडीकाठची मच्छीमार मंडळी याबाबतीत कोणत्याही प्रशिक्षणार्थीपेक्षा सरस असतात, त्यांच्याशी नगर परिषदेने मे महिन्यात लेखी करार करावा. बोटीचे इंजिन दर पंधरा दिवसांनी चालवून बघा. वर्षभर टाकीत राहिलेल्या पेट्रोलने कार्बोरेटर चिकटतो आणि इंजिन ऐन वेळी दोरी ओढून ओढून दगा देते. जनरेटर, रुग्णालयातला ऑक्सिजन आणि पाणीपुरवठ्याच्या पंपाचे पॅनेल तळमजल्यावर असेल तर ते आधी वर न्या. मोबाइल टॉवरची बॅटरी काही तासांत संपते, तेव्हा हाताने फिरवायचे भोंगे आणि पोलिसांचे वायरलेस हाताशी ठेवा.

प्रश्न: आमचे घर निळ्या आणि लाल पूररेषेच्या मध्ये आहे. इंजिनिअर म्हणतात, निळी रेषा म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणारा पूर. 2021 ला येऊन गेला, म्हणजे आता 2046 पर्यंत निवांत? — वाचक, महाड परिसर

उत्तर: नाही. 25 वर्षांतून एकदा म्हणजे दर वर्षी 4 टक्के शक्यता, आणि एकदा पूर येऊन गेला म्हणून ती कमी होत नाही. तीस वर्षे त्या घरात राहिलात तर निळ्या रेषेपर्यंत पाणी निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे 70 टक्के होते. लाल रेषेच्या, म्हणजे शंभर वर्षांच्या पुराची शक्यताही त्याच काळात 26 टक्के आहे. त्यातही रेषा आखताना मागची नोंद धरलेली असते. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरते, म्हणून थोड्या तासांत कोसळणारा पाऊस वाढण्याकडे कल आहे. जुन्या आकड्यांची रेषा आज थोडी खालीच असणार, असे धरून चाला.

निळ्या रेषेच्या आत नवे बांधकाम निषिद्ध आहे, निळ्या-लाल पट्ट्यात अटींवर परवानगी मिळते. तुम्ही दुरुस्ती करणार असाल तर वायरिंगचे सॉकेट आणि मीटर 2021 च्या खुणेपेक्षा किमान अर्धा मीटर वर घ्या. फ्रिज, धान्य आणि कागदपत्रे वर चढवायला माळा असू द्या. आवारात भराव मात्र टाकू नका. तुमचे जोते उंच होते आणि तेवढे पाणी शेजाऱ्याच्या घरात जाते. दहा जणांनी भराव टाकला की नदीचा पसरायचा पट्टाच जातो. विकास आराखड्यात तुमच्या पट्ट्याचे आरक्षण बदलले जात असेल, तर तो प्रसिद्ध झाल्यावर हरकती-सूचनांसाठी 30 दिवस मिळतात. हरकत लेखी, पोच घेऊन आणि खुणांच्या मोजमापासह द्या. मोजमाप असलेली हरकत फेटाळायला कारण द्यावे लागते.

प्रश्न: पूर नसतानाही तासाभराच्या पावसात बाजारचौक तुंबतो. नगर परिषद म्हणते, नालेसफाई केली आहे. — व्यापारी संघ, रायगड जिल्हा

उत्तर: सफाई झाली असेलही, पण मोरी पुरेशी आहे का ते मोजा. चौकाकडे उतरणारे क्षेत्र 20 हेक्टर धरू. तासाला 60 मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातला 70 टक्के वाहून आला, तर दर सेकंदाला साधारण 2.3 घनमीटर पाणी येते. रस्त्याखाली 600 मिलिमीटर व्यासाचे दोन ह्यूम पाइप (सिमेंटचे नळ) असतील तर ते जेमतेम 0.85 घनमीटर नेतात. उरलेले पाणी चौकातच उभे राहणार, सफाई कितीही चांगली असली तरी. इतक्या पाण्याला दीड मीटर रुंद, सव्वा मीटर खोल पेटीमोरी आणि 500 मीटरला निदान 1 मीटर उतार लागतो. काँक्रिटीकरणाने वाहून येणारा वाटा आणखी वाढतो, हेही हिशेबात धरा.

मोरी मोठी करूनही भागत नाही असे शहर असते, कारण तिचे तोंड भरतीच्या पातळीखाली असते. मग तिथे भरतीचे पाणी अडवणारी झडप लागते. झडपेत प्लास्टिक अडकले की ती अर्धवट उघडी राहते आणि खाडीचे पाणी उलटे चौकात येते. पावसाळ्यात दर आठवड्याला ती हाताने उघडून बघणारा माणूस नेमा आणि झडपेच्या आत जाळी बसवा. झडप बंद असतानाच्या तीन-चार तासांसाठी पाण्याला थांबायला जागा हवी: जुने तळे, मैदान, भातशेतीचा खोलगट तुकडा. तळे बुजवून बांधलेले व्यापारी संकुल तुमच्या चौकापासून किती लांब आहे, तेही एकदा बघा.

आणि काढलेला गाळ नाल्याच्या काठावर ठेवू नका. पहिल्या मोठ्या सरीत तो परत आत जातो आणि ठेकेदाराला दुसरे बिल मिळते.

प्रश्न: शहराला लागून डोंगरउतारावर आमची वाडी आहे. गेल्या पावसाळ्यात जमिनीला भेग पडली. लोक म्हणतात, उन्हाने पडली असेल. — वाचक, रायगड जिल्हा

उत्तर: पावसाळ्यात पडलेली भेग उन्हाची नसते. भेग उताराला आडवी आणि चंद्रकोरीसारखी वाकलेली असेल तर प्रकरण गंभीर आहे. आजच तहसीलदारांकडे लेखी कळवा आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडून पाहणीची मागणी करा.

तोवर भेगेच्या दोन्ही बाजूंना लोखंडी गज ठोका, त्यांच्या डोक्यांमधले अंतर मिलिमीटरमध्ये मोजा आणि रोज त्याच वेळी नोंदवा. भेगेत माती भरून वर ताडपत्री टाका, वरून येणारे पाणी चर काढून बाजूला वळवा. अंतर वाढत असेल, झाडे किंवा विजेचे खांब कलू लागले असतील, दारे अचानक घट्ट बसू लागली असतील, झऱ्याचे पाणी गढूळ झाले किंवा नवा झरा फुटला असेल तर सामान आवरत बसू नका, निघा. ओढ्याचे पाणी भर पावसात एकदम कमी झाले तर वर कुठेतरी माती आडवी आली आहे. ही खूण सगळ्यांत भयंकर.

माळीण 2014, तळीये 2021, इरशाळवाडी 2023 या दरडींच्या तिन्ही दुर्घटना जुलैच्या उत्तरार्धातल्या. तोवर माती काठोकाठ भिजलेली असते, म्हणून जूनमधल्या 150 मिलिमीटरपेक्षा जुलैअखेरचे 150 जास्त धोक्याचे. शाळेच्या आवारात पर्जन्यमापक बसवा आणि रोज सकाळी साडेआठला वाचा. हवामान खात्याच्या भाषेत 24 तासांत 204.4 मिलिमीटरपेक्षा जास्त म्हणजे ‘अत्यंत जोरदार’. पण दोन-तीन दिवस सलग शंभराच्या वर जात असेल तर त्या आकड्याची वाट बघू नका.

प्रश्न: आमच्याकडे पूर नाही, ऊन आहे. लहान नगर पंचायत काय करू शकते? — चंद्रपूर जिल्हा

उत्तर: अहमदाबादने 2013 मध्येच उष्णतेचा कृती आराखडा केला, त्याची छोटी आवृत्ती तुम्हाला जमेल. पत्र्याच्या घरांची यादी करा आणि मार्चमध्येच पत्र्यांवर चुन्याचे दोन हात द्या. रोजगार हमी आणि सफाईची कामे 12 ते 4 बंद ठेवा. बाजारात, बसथांब्यावर सावली आणि पाणी द्या. रात्रीचे तापमान उतरत नसेल ते दिवस सर्वांत घातक असतात, त्या दिवशी आशाताईंनी एकट्या राहणाऱ्या वृद्धांकडे संध्याकाळी चक्कर मारावी.

प्रश्न: या सगळ्याला पैसा कुठून आणायचा? — अनेक वाचक

उत्तर: पंधराव्या वित्त आयोगाने राज्याच्या आपत्ती निधीचा 20 टक्के भाग आपत्ती येण्याआधीच्या सौम्यीकरणासाठी, म्हणजे हानी कमी करणाऱ्या कामांसाठी, वेगळा काढला. त्यासाठी प्रस्ताव जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणामार्फत जातो, अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. जिल्हा नियोजन समितीकडेही मागता येते, पण दिवाळीनंतर लगेच. मार्चमध्ये गेलात तर पुढचे वर्ष. पट्टी, पर्जन्यमापक, भोंगे आणि सर्व्हेअर एवढ्यासाठी कोणत्याही निधीची वाट बघायला नको, नगर परिषदेच्या नेहमीच्या तरतुदीत ते बसते.

प्रश्न: पुराचे पाणी विहिरीत गेले तर टीसीएल (ब्लीचिंग पावडर) किती टाकायचे? — पाणीपुरवठा समिती सदस्य

उत्तर: आधी शक्य तितका उपसा करा आणि कठड्यावरचा गाळ धुवा. मग पाणी मोजा: व्यास गुणिले व्यास गुणिले खोली, त्याला 0.785 ने गुणायचे. 4 मीटर व्यास आणि 3 मीटर पाणी असेल तर 37.7 घनमीटर, म्हणजे जवळपास 38 हजार लिटर. एरवी हजार लिटरला 2.5 ग्रॅम, म्हणजे अशा विहिरीला सुमारे 95 ग्रॅम पुरते. पुरानंतरचे पाणी गढूळ असते आणि त्यातला चिखलच क्लोरीन खातो, म्हणून दुप्पट, 190 ग्रॅमपासून सुरू करा.

पावडर थेट फेकू नका. बादलीत कालवा, चुना तळाशी बसू द्या, वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती विहिरीत तळापर्यंत सोडून वरखाली हलवा. एक तासाने ओटी टेस्ट (पाण्यात उरलेला क्लोरीन रंगावरून मोजायची चाचणी) घ्या. रंग पहिल्या दहा सेकंदांत वाचायचा, नंतर तो गडद होत जातो आणि फसवतो. लिटरला 0.5 मिलिग्रॅम दिसले नाही तर तीच मात्रा पुन्हा द्या. पाणी पिण्याआधी उकळायला सांगायचे ते वेगळेच.

ताज्या पावडरीत सुमारे 33 टक्के क्लोरीन असतो, पण पोते उघडे आणि दमट जागेत राहिले तर ऑगस्टपर्यंत त्यात फारसे काही उरत नाही. झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, त्यावर खरेदीची तारीख लिहा आणि तो पुराच्या खुणेच्या वर ठेवा.