अल्बम येईपर्यंत काय करशील

भाऊ, तुझ्या आवडत्या जॅझ-रॉक बँडच्या नव्या अल्बमची बातमी आल्यापासून तुला दम निघत नाहीये, कळतंय मला. पण जॅझ आणि रॉक मिसळून वाजवणाऱ्या या लोकांना घाई चालत नाही. स्टीली डॅन या अमेरिकी बँडचंच बघ, 1980च्या 'गाउचो'नंतर त्यांचा पुढचा स्टुडिओ अल्बम थेट 2000 साली आला!

तोवर स्टीली डॅनचा 1977चा 'एजा' ऐक. गाणी सातच. त्याच नावाच्या गाण्यात स्टीव्ह गॅडचे ड्रम्स आणि वेन शॉर्टरचा सॅक्सोफोन एकमेकांना असे भिडतात की अंगावर काटा येतो. मोबाइलच्या स्पीकरवर ते कळणार नाही, बरा हेडफोन घे. रात्री केळीला पाणी सोडून बांधावर बसतोस ना, तेव्हा लाव. एकदा फक्त ड्रम्सकडे लक्ष दे, मग फक्त बेस गिटारकडे. मला हे संगीत असंच उमगलं. नवी गाणीही अशीच चार वेळा ऐकल्याशिवाय मत बनवू नकोस.

तुझ्या बँडच्या दौऱ्यात मुंबई असली, तर कार्यक्रमाचं तिकीट आधी, मग रेल्वेचं. आरक्षण 60 दिवस आधी सुरू होतं. भुसावळहून रात्रीची गाडी धर आणि परतीचंही तेव्हाच काढ. जादा भावाने तिकीट विकणाऱ्याच्या नादी लागू नकोस, माझे पैसे तसेच बुडालेत.