मार्चची नोटीस आली म्हणजे तुम्ही शिकवण्यात कमी पडलात असं नाही

कॅलिफोर्नियात चौथीचा वर्ग घेतेय, तिसरं वर्ष आहे, मुख्याध्यापिका कामावर खूश आहेत, तरी नोकरकपातीची नोटीस आली. माझं काय चुकलं, असं तुम्ही विचारलंय. ताई, तुमचं काहीही चुकलेलं नाही. मला स्वतःला ही नोटीस दोनदा आलीय, म्हणून सविस्तर लिहिते.

इथे आधी पदं ठरतात, मग माणसं. पटसंख्या घटली किंवा एखादं काम कमी करायचं झालं की स्कूल डिस्ट्रिक्टचं (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेचं) बोर्ड ठराव करतं: प्राथमिकची इतकी पदं, समुपदेशकांची इतकी. मग त्या पदांवर जो सर्वांत शेवटी लागला, त्याचं नाव आधी. तुम्ही शिकवता कशा, हा प्रश्नच तिथे येत नाही. द्विभाषिक वर्गासारख्या खास प्रशिक्षणाच्या कामासाठी मात्र कनिष्ठालाही ठेवता येतं. आणि एखाद्या वरिष्ठाचं पद गेलं, पण त्याच्याकडे तुमच्या वर्गाचं क्रेडेन्शियल, म्हणजे शिकवण्याचा परवाना असला, तर तो तुमच्या जागी येतो.

मला हे पूर्ण न्याय्य वाटत नाही. गरीब वस्तीतल्या शाळांत नवे शिक्षक जास्त, त्यामुळे फटका त्याच मुलांना बसतो. २०१४ मध्ये विद्यार्थ्यांनी लढवलेल्या व्हर्गारा खटल्यात कोर्टाने हे नियम घटनाबाह्य ठरवले होते, पण २०१६ मध्ये अपिलात तो निकाल फिरला. म्हणजे आजही सगळं नोकरीला लागल्याच्या तारखेवर आहे.

म्हणून सेवाज्येष्ठतेच्या यादीतली तुमची तारीख आजच तपासा. प्रोबेशनवरच्या नेमणुकीतली पहिली पगारी सेवा ज्या दिवशी झाली, ती तारीख धरतात. माझ्या नावापुढे शाळा सुरू झाल्याचा दिवस पडला होता. त्याआधीचे सक्तीच्या प्रशिक्षणाचे दोन पगारी दिवस कुणी धरलेच नव्हते. ऑगस्टची पगाराची स्लिप जुन्या फाइलमध्ये सापडली, ती दाखवली आणि मी सहा जणांच्या वर गेले. त्या वर्षी नोकरी वाचली ती त्या कागदामुळे. एकाच दिवशी लागलेल्यांचा क्रम बोर्डाने ठरवलेल्या निकषांवर लागतो, तेव्हा जादा क्रेडेन्शियल असेल तर त्याची नोंद झालीय का तेही बघा.

नोटिशीत हिअरिंग, म्हणजे सुनावणी मागण्याची शेवटची तारीख असते. ती चुकली तर हक्क गेला. युनियनच्या प्रतिनिधीला आज फोन करा आणि अर्ज लेखी द्या. १५ मार्चपर्यंत येते ती प्राथमिक नोटीस, अंतिम नोटीस १५ मेपर्यंत येते, आणि मधल्या काळात कुणी निवृत्त झालं की पुष्कळ नोटिसा मागे घेतल्या जातात. तुम्ही कायम झाला असाल, तर नोकरी गेली तरी ३९ महिने परत बोलावताना तुमचा हक्क आधी असतो.

यादीतली तारीख आणि तुमच्या पहिल्या स्लिपवरची तारीख इथे लिहा, मी बघून सांगते.