कादंबरीनंतर काय वाचायचं? आणि आणखी चार प्रश्न

पानिपतावरची कादंबरी वाचून संपवली. आता ‘खरं काय घडलं’ ते वाचायचं आहे. सुरुवात कुठून करू? – एक वाचक, सोलापूर

त्र्यं. शं. शेजवलकरांच्या ‘पानिपत : १७६१’पासून. मराठी पुस्तक १९६१ सालचं, म्हणजे लढाईला दोनशे वर्षं झाली तेव्हाचं. शेजवलकर मतं रोखठोक मांडतात आणि ती सगळी पटतीलच असं नाही. पण कोणतं मत कोणत्या पत्रावर उभं आहे हे ते सांगतात, आणि कादंबरीत नेमकं हेच मिळत नाही.

त्यानंतर ‘भाऊसाहेबांची बखर’ घ्या. हा क्रम उलटा करू नका. बखरीतले संवाद इतके जिवंत आहेत की ती आधी वाचली तर तोच इतिहास डोक्यात पक्का बसतो. बखर भाषेसाठी आणि त्या काळच्या माणसांना काय वाटत होतं हे कळण्यासाठी वाचावी. फौजेच्या आकड्यांसाठी तिच्यावर विसंबू नये.

तिसरी पायरी मूळ पत्रांची. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड (१८९८) १७५० ते १७६१ या काळातल्या पत्रांचाच आहे. इथे नवे वाचक हमखास अडतात ते तारखेपाशी. पत्रावर ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असं काहीतरी असतं आणि माणूस पुस्तक मिटतो. हा सुहूर सन अरबी आकड्यांत लिहिलेला असतो आणि एकंपासून वर वाचायचा असतो : इहिदे १, सितैन ६०, मया १००, अलफ १०००. बेरीज ११६१. हा सन मृगाच्या सुमारास बदलतो. म्हणून जून ते डिसेंबरमधल्या पत्राला ५९९ मिळवायचे आणि जानेवारी ते मेमधल्या पत्राला ६००. लढाई जानेवारीतली, म्हणून ११६१ अधिक ६०० बरोबर १७६१.

शकाचंही तसंच आहे. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळवा, जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९. पानिपतची तिथी पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२. सरसकट ७८ मिळवले तर १७६० येतं आणि लढाई एक वर्ष अलीकडे सरकते. छापील पुस्तकांतसुद्धा ही चूक सापडते.

पुढचं पुस्तक हवं असेल तर मलपृष्ठावरच्या शिफारशी सोडा आणि शेजवलकरांच्या तळटिपा बघा. एकच साधन पाच-सहा वेळा आलं असेल तर पुढचं वाचन तेच.

मराठीत खऱ्या गुन्ह्यांवरची पुस्तकं कुठे सापडतील? वाचनालयात ‘सत्यकथा’ मागितलं तर भलतंच हातात आलं. – एक वाचिका, नाशिक

आलं असणारच. मराठीत ‘सत्यकथा’ म्हटलं की वाचनालयातल्या जुन्या माणसाला मौजेचं मासिक आठवतं. ते कथा-कवितांचं होतं आणि १९८२ साली बंद झालं. गुन्ह्याशी त्याचा संबंध नाही. तुम्हाला हवी ती पुस्तकं आपल्याकडे एका फडताळात नसतात. पोलीस अधिकाऱ्याच्या आठवणी ‘आत्मचरित्र’मध्ये जातात, वकिलाचं पुस्तक ‘कायदा’मध्ये आणि पत्रकाराचं ‘संकीर्ण’मध्ये. काही तर सरळ रहस्यकथांत ठेवलेली आढळतात. जिथे ड्युई पद्धतीने मांडणी आहे तिथे ३६४ हा आकडा मागा, गुन्हेगारी त्यात येते. जिथे फक्त दाखल क्रमांक (पुस्तकं आली त्या क्रमाने दिलेले) आहेत तिथे विषय सांगून उपयोग नाही. खटल्याचं नाव, गाव आणि साल सांगा. ग्रंथपालाला त्यावरून आठवतं.

हे पुस्तक कोणी लिहिलंय याकडे या प्रकारात जरा जास्तच लक्ष द्यावं लागतं. तपास अधिकाऱ्याचं पुस्तक बहुधा अटकेपाशी संपतं, पुढे कोर्टात काय टिकलं ते त्यात नसतं. वकिलाचं पुस्तक तिथूनच सुरू होतं, पण आपल्या अशिलाच्या बाजूने झुकतं. आरोपीच्या लेखनात स्वतःचा बचाव असतोच. १९७६-७७ मधल्या पुण्याच्या जोशी-अभ्यंकर खून खटल्यात फाशी झालेल्यांपैकी एकाचं ‘येस, आय ॲम गिल्टी’ हे तुरुंगातलं आत्मकथन प्रसिद्ध आहे. ते वाचाच, पण सोबत निकालपत्र ठेवून.

निकालपत्र मिळवणं आता कठीण राहिलेलं नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या ‘ई-एससीआर’ संकेतस्थळावर निवाडे फुकट आहेत, काहींचे मराठी अनुवादही आहेत. शोधताना गाजलेलं नाव चालत नाही. ‘अमुक हत्याकांड’ टाकलं तर काही येणार नाही. आरोपीचं आडनाव, ‘महाराष्ट्र राज्य’ आणि निकालाचं साल टाका. जुन्या खटल्यांत स्पेलिंग दोन-तीन तऱ्हांनी करून बघावं लागतं.

निवाडा हाताशी आला की पुस्तकाची पारख दहा मिनिटांत होते. दोन खुणा सांगतो. पहिली : पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. त्या जबाबामुळे एखादी वस्तू सापडली तर तेवढाच भाग ग्राह्य धरतात. म्हणून ‘त्याने ठाण्यात सगळं कबूल केलं आणि खटला सुटला’ असं लिहिणाऱ्याने निकालपत्र बहुतेक उघडलेलंच नाही. दुसरी खूण नानावटी खटल्याची. १९५९ साली ज्यूरीने नौदल अधिकारी नानावटींना खुनाच्या आरोपातून आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवलं, उच्च न्यायालयाने ते फिरवलं आणि २४ नोव्हेंबर १९६१ ला सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली. इतपत बहुतेक जण नीट लिहितात. पण ‘हा भारतातला शेवटचा ज्यूरी खटला’ हे वाक्य दिसलं की सावध व्हा. देशात काही ठिकाणी त्यानंतरही ज्यूरी बसत होती. ती कायद्यातून गेली १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने. हे वाक्य एका पुस्तकातून दुसऱ्यात असंच उचललं जातं.

‘सांगत्ये ऐका’ शोधलं की चित्रपटच समोर येतो. पुस्तक कसं शोधू? – एक वाचक, बेळगाव

नाव एकच, वस्तू दोन. अनंत माने यांचा चित्रपट १९५९ चा. हंसा वाडकरांचं आत्मकथन त्यानंतरचं. ते आधी ‘माणूस’ या नियतकालिकात आलं, पुस्तक १९७० चं. शोधताना ‘हंसा वाडकर आत्मचरित्र’ असं टाका आणि ‘हंसा’, ‘हन्सा’ दोन्ही करून बघा. श्याम बेनेगल यांचा ‘भूमिका’ (१९७७) याच पुस्तकावर बेतलेला आहे, त्यामुळे चित्रपटावरच्या लेखांतूनही पुस्तकाच्या आवृत्त्यांचा माग लागतो.

सिनेमातल्या माणसांची आत्मचरित्रं घेताना आतल्या पानावर ‘शब्दांकन’ कोणाचं ते बघा. ‘सांगत्ये ऐका’ अरुण साधूंनी शब्दबद्ध केलं. सांगणारा आणि लिहिणारा वेगळे असले की भाषा एकाची आणि आठवण दुसऱ्याची असते. हा दोष नव्हे, पण वाचताना ध्यानात हवं. तारखांच्या बाबतीत नटनट्यांच्या स्मरणावर फार भार टाकू नये. प्रभात कंपनी कोल्हापुरात १ जून १९२९ ला निघाली आणि १९३३ मध्ये पुण्यात आली. या दोन तारखा धरून मागचा-पुढचा मजकूर ताडून पाहिला तरी बरंच कळतं. जुन्या चित्रपटांच्या गाण्यांच्या चोपड्या आणि जाहिराती पाहायच्या असतील तर पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावरचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. जाण्याआधी ग्रंथालयाची वेळ आणि प्रवेशाचे नियम विचारून घ्या.

परदेशात राहतो. जुनी मराठी पुस्तकं कायदेशीरपणे फुकट वाचता येतात का? – एक वाचक, मेलबर्न

भारतीय कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतरच्या जानेवारीपासून ६० वर्षं मोजायची. रियासतकार सरदेसाई १९५९ मध्ये गेले, म्हणून त्यांचं लेखन १ जानेवारी २०२० पासून खुलं. शेजवलकर १९६३ मध्ये गेले, तेव्हा त्यांचं २०२४ पासून. नव्या आवृत्तीतली संपादकाची प्रस्तावना आणि टिपा मात्र खुल्या होत नाहीत, आणि तुम्ही राहता तिथला कायदाही वेगळा असू शकतो. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने स्वतःची बरीच प्रकाशनं संकेतस्थळावर ठेवली आहेत, ती निर्धास्त उतरवून घ्या.

इंटरनेट अर्काइव्हवर ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ची हजारो स्कॅन आहेत, पण नावं रोमनमध्ये चमत्कारिक लिहिलेली : दीर्घ ‘आ’साठी ए दोनदा, ट-ठच्या पुढे वर स्वल्पविरामासारखी खूण. सरळ ‘रियासत’ टाकून काही सापडलं नाही तर तसं लिहून बघा, नाहीतर फक्त लेखकाचं आडनाव टाका. तिथल्या सालावर भरवसा नको. शके १८२९ हेच इसवी सन म्हणून नोंदलेलं असू शकतं. मुखपृष्ठाचं स्कॅन उघडून स्वतः वाचा.

आणि कोणती आवृत्ती आहे ते पाहिल्याशिवाय उतरवून घेऊ नका. गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये चिं. वि. वैद्यांनी बराच फेरफार करून छापला. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ १९६६ मध्ये दत्तो वामन पोतदारांनी आणला. नाव तेच, मजकूर वेगळा.

रद्दीत बाबुराव अर्नाळकरांच्या काही पुस्तिका मिळाल्या. साल छापलेलं नाही. कधीच्या असतील? आणि जुनं पुस्तक घेताना काय बघावं? – एक वाचिका, ठाणे

आधी किंमत बघा. आण्यांत असेल तर १ एप्रिल १९५७ च्या आधीची शक्यता मोठी. ‘नये पैसे’ असेल तर १९५७ ते १९६४, कारण जून १९६४ पासून ‘नये’ गेलं. नुसते ‘पैसे’ असतील तर त्यानंतरची. मग प्रकाशकाचा पत्ता. ‘मुंबई ४’ असा सुटा आकडा असेल तर जुनी, सहा आकडी पिन असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरची. तिसरी खूण शुद्धलेखनाची : ‘कांहीं’, ‘नाहीं’ असे अनुस्वार भरभरून असतील तर मजकूर बहुधा १९६२ च्या नियमांआधी जुळवलेला. तिन्ही खुणा एकाच दिशेला गेल्या तर अंदाज पक्का समजा. किंमत नवी आणि अनुस्वार जुने असतील तर ते पुनर्मुद्रण, किंवा प्रकाशक जुन्याच वळणाचा. झुंजार आणि काळापहाडच्या कथांवर मुखपृष्ठं बदलत राहिली असतील, त्यामुळे चित्रावरून काळ ठरवू नका.

घेताना फर्मे मोजा. पुस्तक बहुधा सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांत छापतात. पान १, १७, ३३, ४९ असं उघडत जा. बांधणीत एखादा फर्मा गळतो किंवा तोच दोनदा लागतो, आणि रहस्यकथेत नेमका शेवटचा फर्मा नसला तर खुनी कोण ते कळत नाही. १६० पानांच्या पुस्तकात दहा फर्मे हवेत. सुरुवातीची पानं वेगळी मोजलेली असली तर हिशेब थोडा सरकतो. मग पुस्तक आडवं धरून पानांची कड बघा. कसर लागलेली असेल तर बारीक भोकं एका ओळीत अनेक पानांतून गेलेली दिसतात. असं पुस्तक घरी आणलंच तर आधी वेगळ्या पिशवीत ठेवा, कपाटात नको.

साल तरीही लागत नसेल तर शं. ग. दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ पाहा. पहिला भाग १८०० ते १९३७, दुसरा १९३८ ते १९५०. ठाण्याच्याच मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या किंवा दादरच्या संदर्भ विभागात विचारा. तुमच्या पुस्तिका १९५० नंतरच्या निघाल्या तर शरद साठ्यांनी पुढे चालवलेली सूची मागा.