आजोबांचा पट आणि अमेरिकेतली मातीची रिंगणं

प्रश्न : काका, नमस्कार. मी लाखांदूर तालुक्यातला, ट्रॅक्टर दुरुस्ती शिकतो. मोबाईलवर अमेरिकेतल्या जुन्या स्टॉक कार शर्यती बघत असतो. लहानसं मातीचं रिंगण, साध्या मोटारी, कुंपणाला टेकलेली माणसं. आजोबा बघून म्हणाले, “हा तं पटच होय गा!” पट म्हणजे आमच्याकडची बैलजोड्यांची शर्यत. तिकडचे म्हातारेही त्या छोट्या शर्यतींची फार आठवण काढतात. त्यात असं काय होतं, आणि त्या गेल्या कुठं?

उत्तर : बाबू, आजोबांना माझा रामराम सांग. त्यांनी बरोबर ओळखलं. मी जन्मभर ट्रॅक्टरची इंजिनं खोलली आणि वाढलो पटाच्या गावात, त्यामुळे तुझं पत्र वाचून जीव सुखावला.

तिकडे सुरुवातीला शोरूममधून घेतलेली घरची गाडीच शर्यतीत उतरायची. अशा स्टॉक कार शर्यती भरवणारी नॅसकार ही संस्था १९४८ साली स्थापन झाली. १९ जून १९४९ ला उत्तर कॅरोलिनातल्या शार्लट इथं पाऊण मैलाच्या मातीच्या रिंगणात अशा साध्या गाड्यांची तिची पहिली मोठी शर्यत झाली. ली पेटी नावाचा चालक उसनी आणलेली ब्यूक गाडी घेऊन उतरला आणि ती उलटली. त्याचा अकरा वर्षांचा पोरगा रिचर्ड तिथंच होता. पुढे २०० शर्यती जिंकला तो हाच. त्या दिवशी पहिला आला ग्लेन डनवे. पण तपासणीत त्याच्या फोर्डचे मागचे पाटे, म्हणजे स्प्रिंगा, मुद्दाम कडक केलेले निघाले आणि जिंकल्याचा मान जिम रोपरला गेला. गाडी होती चोरट्या दारूच्या वाहतुकीतली. मागं माल भरला तरी ती दबू नये, म्हणून ही कारागिरी. आपल्याकडे मोहाची, तिकडे मक्याची. त्या भागातले कितीतरी पट्टीचे चालक आणि मिस्त्री याच धंद्यात तयार झाले.

एक मैलाहून कमी लांबीचं ते छोटं रिंगण. उत्तर कॅरोलिनातल्याच विन्स्टन-सेलमच्या बोमन ग्रे स्टेडियममध्ये तर फुटबॉलच्या मैदानाभोवती पाव मैलाचा रस्ता आहे, आणि १९४९ पासून तिथं शर्यती होत आल्या आहेत. एवढ्या अरुंद जागेत गाडीला गाडी घासणारच. कुंपणाशी उभ्या माणसाला इंजिनाचा आवाज छातीत जाणवतो.

खरी कसोटी मातीची. शर्यतीआधी चिकणमातीवर पाणी मारून ती दाबून घेतात. ओल आहे तोवर चाक धरतं. फेऱ्या वाढल्या की माती सुकते, गुळगुळीत होते आणि गाडीचा मागचा भाग बाहेर सरकायला लागतो. मग चालक डावीकडच्या वळणावर पुढची चाकं उजवीकडे फिरवून गाडी सावरत नेतो. हे बघितलं की मला आपली दाण, म्हणजे पटाची धावपट्टी, आठवते. धान निघाल्यावर बांध्यांचे, म्हणजे भातखाचरांचे, धुरे फोडायचे, धसकटं खरडायची, पाणी शिंपडून जमीन बसवायची. माझे वडील पटाच्या दिवशी पहाटे अनवाणी दाणीवरून चालत जात. दर पावलाला टाच दाबून बघत. टाच रुतली की थांबत, हातानं माती मोकळी करत, नवी माती घालत आणि धुम्मसानं, माती ठोकायच्या जड ठोकळ्यानं, ठोकत. पोकळ जागी पाय पडला तर बैल आयुष्यातून उठतो, म्हणून ते काम त्यांनी दुसऱ्या कोणावर कधी सोपवलं नाही.

म्हातारे आठवण काढतात ती या ओळखीच्या माणसांची. ज्या जोडीनं आषाढात चिखलणी केली, तीच पटाला धावायची. कासरा धरणारा धुरकरी शेजारचा, बैल वासरू होता तेव्हापासून आपण बघितलेला. तिकडेही आठवडाभर गिरणीत नाहीतर गॅरेजात राबणारा माणूस शनिवारी रात्री गाडी पळवायचा. आपल्याकडे पटानंतर रात्रभर नाटक, घरोघरी पाहुणे, माहेरी आलेल्या लेकी. पटाच्या गर्दीत सोयरिकी जुळायच्या.

आता गेल्या कुठं ते सांगतो. नॅसकारच्या वरच्या मालिकेतली जुन्या काळातली शेवटची मातीची शर्यत ३० सप्टेंबर १९७० ला उत्तर कॅरोलिनातल्या रॅली शहरात झाली, आणि जिंकला तोच रिचर्ड पेटी. पुढच्या वर्षी सिगारेट कंपनीचा पैसा आला. १९७१ च्या ४८ शर्यतींच्या १९७२ मध्ये ३१ उरल्या आणि गळल्या त्या लहान. १९४७ पासूनचं नॉर्थ विल्क्सबरोचं रिंगण १९९६ नंतर मोठ्या मालिकेतून गेलं, कारण नव्या मालकांनी तिथल्या तारखा न्यू हॅम्पशायर आणि टेक्सासला नेल्या. डांबरातून गवत उगवलं. २०२२ ला तिथं पुन्हा गाड्या धावल्या आणि २०२३ ला मोठे चालकही परतले. गावोगावची शेकडो छोटी रिंगणं मात्र आजही चालू आहेत.

आपला पट ७ मे २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं थांबला, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानंही तो मान्य केला. बैलाला काठी किंवा तुतारी, म्हणजे टोचणी, लावायची नाही ही अट मला मनापासून पटते. माझं दुःख वेगळं आहे. आता लाखांची जोडी फक्त पटासाठी पोसतात, तिच्या खांद्यावर नांगराचं जू कधी येत नाही. तिकडेही शर्यतीची गाडी आता मुद्दाम बांधलेली असते, बाजारातल्या गाडीशी तिचं नातं नावापुरतं. वेग वाढला, पण “कोनाची जोडी होय गा?” असं विचारायची गरज उरली नाही. फलकावरच लिहिलेलं असतं.

प्रश्न : मी पवनी तालुक्यात शिक्षिका आहे. मुलांकडून गावातल्या जुन्या पटाच्या आठवणी गोळा करायच्या आहेत. काय विचारायला सांगू?

उत्तर : ताई, “तेव्हा कसं होतं” असं विचारलं की सगळे “लय मजा होती” एवढंच सांगतात. बैलाचं नाव विचारा. रंग, शिंगं, कोणत्या बाजारातून आणला, तो गेला तेव्हा घरात काय झालं. दाण कोणाच्या बांधीत निघायची आणि त्याला काय मिळायचं. रात्री नाटक कोणतं होतं. आणि आजींना आधी गाठा. पाहुण्यांचा भात त्यांनी रांधला, कोण कुठून आलं आणि कोण रुसून गेलं ते त्यांनाच ठाऊक. घरात जुना फोटो असेल तर मागच्या बाजूला पेन्सिलनं नावं लिहून घ्या, आजी समोर असतानाच.